बाई, तुमचा अंतरपट

बाई, तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस, आणि मी नांदेडच्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून तुम्हाला लिहून राहिले. मनीषाला सकाळी आठला बाळंतपणासाठी आत नेलं. आता दुपारचे दोन वाजत आले. मला आत सोडत नाहीत. दाराला हिरवा पडदा आहे, त्याच्या खालून नर्सबायांच्या नुसत्या चपला दिसतात. जावईबापू औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर करून राहिले. माझ्या पिशवीत मापाची वही होती, तिचीच मागची कोरी पानं उघडली. तुम्हीच म्हणायचात, कौसा, भ्या वाटलं की लिहून काढ, कागदावर आलं की ते बारीक होतं. लिहून राहिले बाई. बारीक काही होईना.

आणखी म्हणायचात, बोलताना काहीही बोल, लिहिताना 'न्हाई' लिहू नको, 'नाही' लिही. तेवढं सांभाळते. घसरलं तर पोटात घाला.

सरळच सांगते. तुम्ही गेल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली, आणि ती मी तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बोलले नाही, आमच्या मालकांनाही नाही. मला वाटतं, तुम्हाला मी मारलं. गुरुवारी मी तुमच्या चर्चच्या आत पाय ठेवला आणि शनिवारी तुम्ही गेलात. आता त्या पडद्याच्या आड माझी लेक आहे.

आपली ओळखच कापडापायी झाली. तुम्ही शाळेतून रिटायर झालात आणि मुखेडात माझ्या दुकानाच्या पाठीमागं, चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला आलात. मी बाजाराच्या रस्त्याला ब्लाऊज-परकर शिवणारी, देवणीकडच्या शेतकऱ्याची लेक, चौथी शिकलेली. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही दुकानात आलात आणि म्हणालात, सुट्टीत लेकरांना शिकवायला एक तंबू शिवून पाहिजे. आमच्या शास्त्रातला, इस्राएल लोकांचा, देवाचा तंबू. दर्शनमंडप म्हणतात त्याला. बाजेएवढाच कर. वरून घोंगडं, आतून रंगीत पडदे. कागदावर सगळी मापं लिहून दिलीत. शेवटची ओळ होती, एक अंतरपट, दोन खोल्यांच्या मधी लावायला.

मी म्हणलं बाईंचा एक काना राहिला. अंतरपाट पाहिजे असंल. पांढरं मांजरपाट घेतलं, कडा दुमडल्या, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, लग्नात नवरा-नवरीच्या मधी धरतात तसं, आणि घडी करून तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही उघडून बघितलं आणि खुर्चीतच बसलात. हसून हसून डोळ्याला पाणी. "अगं कौसा, देवाचं लगीन लावतीस का काय?" मी लई चिडले. म्हणलं, पस्तीस साल मास्तरकी केली आणि काना विसरता, वर मलाच हसता होय? तवा तुम्ही सांगितलं की तुमच्या शास्त्रात शब्दच तसा आहे, बिनकान्याचा, अंतरपट.

मग तुमचं हसणं एकदम थांबलं. ते कापड तुम्ही दोन हातांनी समोर धरलंत, तुमचं तोंड मला दिसंना, आणि कापडाच्या मागून बोलून राहिलात. "थांब जरा. तुझंच बरं हाय की. आमच्या अंतरपटाच्या पल्याड परमपवित्रस्थान. तिथं कराराचा कोश, सोन्यानं मढवलेली पेटी, आणि तिथं देव. कुणी जायचं न्हाई. सगळ्या लोकांतून एक माणूस, मोठा याजक, म्हंजे पुजारी, तोबी सालातून एकदा, हातात बळीचं रक्त घेऊन. मग येशूनं जीव सोडला, तवा देवळातला तो पडदा वरून खालपर्यंत फाटला. मी हमेशा लेकरांना सांगत आले की पडदा म्हंजे भिंत, ती पडली. पण अंतरपाट कशापायी धरतात गं? एकमेकांची तोंडं बघायचीत म्हणूनच ना? काढायचाच असतो म्हणून धरतात."

मी म्हणलं, "मंगलाष्टका संपल्याबिगर काढत नसतात. मुहूर्ताच्या आधी खाली केला तर अपशकून होतो."

"मुहूर्त झाला कौसा. कवाच झाला."

"तुमचा झाला असंल."

हे आपलं भांडण अकरा वर्षं चाललं. एकदाही मिटलं नाही. तुम्ही चहाला आलात की मी मशीन थांबवायची, आणि कशावरूनही बोलणं निघालं तरी तिथंच यायचं. मला त्या तंबूचं वेडच लागलं होतं. मी विचारलं होतं, देवाला तंबू कशाला? देऊळ बांधायला दगड नव्हते का? तुम्ही म्हणालात, ते लोक वाटेवर होते. आपल्याकडची माणसं ऊसतोडीला जातात, कारखान्यावर पाचटाच्या कोप्या घालतात, सीझन संपला की कोपी मोडून पुढं. तसे ते रानातून चाललेले. तर देवानं सांगितलं, मलाबी एक कोपी घाला तुमच्यात. तुम्ही उठला की मीबी उठतो. मला हे लई आवडलं होतं बाई. आमच्या देवीला भेटायला आम्ही डोंगर चढायचो, आणि हा देव माणसांच्या मागं मागं बिऱ्हाड घेऊन फिरतो. पण तुमच्याकडं आवडलं म्हणायची सोय नव्हती, लगेच तुम्ही पुढचा धडा काढायचात.

पुढचा धडा असा की मग यरुशलेमेला दगडाचं मोठं देऊळ झालं. ते शत्रूनं पाडलं. परत बांधलं, परत पाडलं. मी विचारलं, मग देव गेला कुठं? तुम्ही म्हणालात, यहुदी लोक आजही तिथल्या भिंतीशी उभं राहून प्रार्थना करतात. ती जागा आधी त्यांची, आपण त्यांच्याच ओसरीवर बसून शिकलेली माणसं. पण आम्ही ख्रिस्ती असं मानतो की देवानं मग माणसाच्या अंगाचीच कोपी केली. आधी येशू, मग त्याच्यामागून आम्ही सगळे. आता तुझं-माझं अंग हेच त्याचं देऊळ.

मी म्हणलं, "म्हंजे अंगात येतं?"

"घुमायचं न्हाई गं, येडे!"

"अंगात ऱ्हातो म्हणता, आणि अंगात येत न्हाई म्हणता. बाई, देवळातल्या देवापासून घरी तरी पळून येता येतं. अंगातच बसला तर पळावं कुठं माणसानं?"

तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, याचं उत्तर उद्या सांगते. ते उद्या आलंच नाही. तुम्ही विसरलात की तुम्हालाही येत नव्हतं? मी विचारायची राहिले, आणि आता कुणाला विचारू.

पण माझ्या मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तुम्ही लेकरांना सांगत होतात, मी पायरीवर बसून ऐकून राहिले होते. त्या मोठ्या याजकाच्या झग्याच्या काठाला सोन्याची घुंगरं असायची. आत चालताना ती वाजली पाहिजेत, न्हाईतर तो मरंल. आणि लोक असंही सांगतात की त्याच्या पायाला दोर बांधायचे, आत मेला तर भाईरून ओढून काढायला. मी तुम्हाला नंतर गाठलं, तर तुम्ही म्हणालात, दोराचं शास्त्रात नाही, भ्यालेल्या माणसांनी मागून जोडलंय. मी म्हणलं, पण घुंगराचं हाय ना? तुम्ही खोटं कधी बोलला नाहीत. म्हणालात, हाव, ते हाय.

त्याच दिवशी मी तुम्हाला अक्काचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

मी बारा वर्षांची होते. थोरली अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागलेला. आम्ही पोरी देवीच्या देवळात लपाछपी खेळून राहिलो होतो. गाभाऱ्यात जायचं नाही हे सगळ्यांना ठाव होतं, म्हणूनच मी तिथं लपले, तिथं कुणी शोधणार नाही. देवीच्या मागं, भिंतीला चिकटून. बाहेर आले तर परकराला रक्त. पहिलीच वेळ. मला काय कळतंय? वाटलं, देवीनंच मारलं. घरी आले, परकर धुतला, आईला चार दिवसांनी कळल्यावर तिला वाटलं आजच झालंय. आठव्या दिवशी अक्का गेली. बाळही गेलं. तेराव्याला बायका बोलून राहिल्या, देवीला विटाळ झालाय, कुणी केला गं? मी अक्काच्याच बाजेखाली बसून ऐकत होते. बोलले नाही. आई मरेपर्यंत तिला बोलले नाही.

तुम्ही माझा हात धरून बसलात. मग म्हणालात, आमच्या शास्त्रात एक बाई आहे, बारा वर्षं अंगावरून जात होतं तिच्या. गर्दीत येशूच्या कापडाला मागून शिवली. त्याला काय विटाळ झाला न्हाई, तीच बरी झाली. आणि मला हसवायला म्हणालात, "तूबी शिवणारीच की!" मी हसले नाही. म्हणलं, त्या बाईची बहीण नसंल मेली.

तवापासून तुम्ही हट्टच धरलात की मी चर्चमध्ये यावं. मला तुमच्या धर्मात ओढायला नव्हे, तसं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. नुसतं आत येऊन बस म्हणायचात. मी खिडक्यांचे पडदे शिवले, टेबलावरचं कापड शिवलं, नाताळाला पोरींचे झगे शिवले, सगळं पायरीवरून हातात दिलं. अकरा वर्षं. एकदा तुम्ही लई रागावलात. तेवढाच तुमचा राग मी बघितला. म्हणालात, "माझ्या आजोबाला गावानं मारुतीच्या देवळाच्या पायरीलाबी शिवू दिलं न्हाई. पावसात लांब उभं राहून हात जोडायचे. त्यांनी ही गोष्ट ऐकली, पडदा फाटल्याची, आणि ते ओरडून रडले म्हणं. आम्ही जी ख्रिस्ती माणसं हाव ना, ती त्या फाटलेल्या पडद्यापायी. आणि तुला कुणी अडवलं न्हाई, काय न्हाई, तरी तू भाईर बसतीस!"

बाई, तुमच्या आजोबांना लांब उभं करणारी घरं आमच्यासारखीच होती. आमच्या गावात तर आमचंच घर होतं. माझ्या वडलांच्या तोंडचे शब्द मला आठवतात. तुम्हाला ते ठाव होतं, मला ते ठाव होतं, आणि तुम्ही माझ्या दुकानात बसून माझ्या कपातला चहा पीत होतात. माफी मागायला पाहिजे होती. मी नुसता तुमचा कप परत भरला. त्यावर तुम्हीच म्हणालात, जाऊ दे, साखर टाक अजून.

आता गुरुवारचं. टेबलावर नवं कापड पाहिजे होतं, चारी बाजूंनी पडणारं. जुन्या मापानं मागच्या वेळी एक बाजू आखूड झाली होती. तुम्ही म्हणालात, माप तूच घे, मला वाकवत न्हाई, आणि पाळकसाहेब महिन्यात दोनदाच येतात. मी पायरीवर उभी. तुम्ही आतून म्हणालात, "ये. मी हाय की हितं. काय झालं तर मीच ओढून काढते तुला."

मी आले. का आले, मला अजून कळत नाही. वय झालं, अंगावरचं बंद झालं, म्हणलं आता काय विटाळ ऱ्हायला. का तुमच्या गुडघ्याची कीव आली. मी पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि बाकांच्या मधून चालत गेले. कठड्याच्या आत गेले, टेबलाला हात लावला, मापं घेतली, वहीत लिहिली. लाकडाचं साधं टेबल. एका पायाखाली पुठ्ठा. तुम्ही पहिल्या बाकावर बसून बघत होतात. माझं झाल्यावर म्हणालात, "झालं का काही?"

मी म्हणलं, "न्हाई." आणि हसले. तुम्हीपण हसलात.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता तुमची मान कलली. मी भिंतीवरून हाक मारली, उत्तर नाही. येऊन बघते तर कप मांडीवर सांडलेला. बाई, त्या वेळी मला तुमचं काहीच सुचलं नाही, रडू नाही, काही नाही. एकच ऐकू येत होतं. झालं का काही, झालं का काही. आणि भिंतीपल्याड माझ्या घरात मनीषा झोपलेली, लातूरकडच्या मुरुडहून बाळंतपणाला आलेली, नववा लागलेला. तुम्ही समजून घ्या. माझ्या डोळ्यासमोर तुम्ही नव्हतात, अक्का होती.

तुम्हाला आंघोळ घालायला बायका आल्या, मला बोलावलं, मी पाठ फिरवून घरी गेले. तुम्हाला मातीत ठेवलं तवा मी लांब उभी होते. लोकांना वाटलं मला दुःख झेपेना. दुःख नव्हतं बाई. भ्या होतं. सगळ्या देवांना मी हात जोडून राहिले होते, तुमच्याही. माझं काय ते माझ्यावर काढा म्हणत होते.

परवा रविवारी तुमच्या आठवणीची उपासना ठेवली. पाळकसाहेब आदल्या दिवशी आले आणि म्हणाले, बाईंची इच्छा होती, कापड तुम्हीच पसरावं. मी रात्रंदिवस एक करून ते पुरं केलं होतं, काठाला निळा, जांभळा आणि किरमिजी धागा, तुमच्या त्या तंबूच्या पडद्याला होता तसा. पण पायरीवरूनच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पसरलं ते उलटं. शिवण वर, भरतकाम खाली. दीड तास मी पायरीवर उभी राहून त्या उलट्या शिवणीकडं बघत होते. बाकांवरून बायका मागं वळून बघत होत्या. एक तर बोललीच, अकरा वर्षांची मैत्री आणि आत यायला जड जातंय. मी ऐकून घेतलं. मनात एकच, माझी लेक सुटू दे, मग काय म्हणायचं ते म्हणा.

मनीषानं सोमवारी सकाळी मला धरलं. ती उपकेंद्रात नर्स, तिला असलं चालत नाही. "आई, तू आत का गेली न्हाईस?" मग मला सगळं सांगावं लागलं, गाभारा, परकर, अक्का, गुरुवार. ती तिच्या पिशवीत बाळाची दुपटी घालत होती, हात थांबला नाही. पेशंटला विचारावं तसं विचारून राहिली. मावशीची वार पडली होती का? पडली होती. रक्त किती वेळ जात होतं? सकाळपासून दिवस कलेपर्यंत. दवाखान्यात कवा नेलं? बैलगाडी जुंपली होती उदगीरला न्यायला, वाटेतच गेली.

मग मनीषा म्हणाली, "आई, मावशी तुझ्या रक्तानं मेली न्हाई. तिचं रक्त थांबवायला कुणी नव्हतं म्हणून मेली."

"आणि बाई?"

"बाईंना मी दोनदा सांगितलं, लातूरला जाऊन छाती दाखवा. गेल्या का?"

मी म्हणलं, शिकल्या माणसांकडं समद्याचं उत्तर असतं. उठून चुलीपाशी गेले. मला पटलं नाही, बाई. बेचाळीस वर्षांचं भ्या एका वाक्यानं जात नसतं. तुमच्या अकरा वर्षांच्या बोलण्यानं गेलं नाही.

थांबा. नर्सबाई आल्यात.

बाई, पोरगी झाली. पण मनीषाचं रक्त थांबत नाही. नर्सबाई म्हणाली, गर्भाची पिशवी आवळंना. जावईबापूंना रक्तपेढीकडं पळवलं. मला कागदावर सही करा म्हणाली, मी सही केली, तुम्ही वळण लावून दिलेली. पडदा परत पडला. आत पळापळ ऐकू येऊन राहिली. मी काय लिहू. अक्का अशीच पांढरी झाली होती, ओठापासून. बाई, तुम्ही जिथं असाल तिथं कुणाचे पाय धरा. तुमचा मुहूर्त झाला म्हणत होतात ना, तुम्हाला आत जाता येतं ना, मग जा आणि सांगा, ह्या बाईनं परत आत पाय ठेवला नव्हता. रविवारी ती बाहेरच उभी होती.

आता साडेसहा झालेत. लिहायला हात येत नव्हता. रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या, इंजेक्शनं दिली, एक डॉक्टरीणबाई मुठीनं तिचं पोट दाबून धरून बसली होती म्हणे, अर्धा तास. थांबलं. मनीषा वाचली. मला दोन मिनिटं आत सोडलं. पोरगी तिच्या कुशीत, लाल, डोळे मिटलेले. मनीषाचे ओठ पांढरे, पण बोलली. "आई, बघितलंस का? असं थांबवतात."

मी बाहेर येऊन ह्या बाकड्यावर बसले आणि मघाशी लिहिलेलं वाचलं. ह्या बाईनं परत आत पाय ठेवला नव्हता. खरंच की, बाई. मी परत आत गेले नव्हते. तुमच्या उपासनेला पायरीवरच उभी राहिले, तुमचं कापड उलटं पडलेलं बघितलं, लोकांची बोलणी खाल्ली, ते सगळं मनीषाला काही होऊ नये म्हणून. आणि तरी तिचं रक्त थांबेना. गुरुवारनंतर मी काहीच केलं नव्हतं, कुठल्याच देवाच्या दारात गेले नव्हते, तरी थांबेना. बाहेर उभं राहून कुणी वाचत नसंल, तर आत गेल्यानंही कुणी मरत नसंल. मग माणसांनी थांबवलं, तेव्हा थांबलं. मला हे कितीतरी वेळ समजून घ्यावं लागलं. अक्काचं मी केलं नाही. ती लपाछपी खेळणारी पोरगी होती, तिनं काही केलं नाही. आणि मग तुमचंही मी केलं नाही.

इतकी वर्षं वाटायचं, हे कळलं की डोक्यावरचा भारा उतरल्यागत होईल. तसं झालं नाही. भ्या होतं तवर तुम्ही दिवसभर माझ्यासमोर होतात. तुम्ही 'झालं का काही' विचारायचात, मी हात जोडायची. तुम्हाला कुणीतरी मारलं होतं आणि ते मी होते, म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत होतात. आता कुणी मारलं नाही. शनिवारी सकाळी चहा पिता पिता तुम्ही आपल्या गेलात. माझ्यामुळं नाही, कशामुळं नाही. दुकानाच्या मागं तुमच्या खोल्यांना कुलूप आहे आणि मी हाक मारली तर भिंतीपलीकडून कुणी ओ देणार नाही.

अकरा दिवसांत माझ्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. आता पदर तोंडात धरून रडून राहिले, थांबवायचं म्हणलं तरी थांबत नाही. शेजारी बाकड्यावर देगलूरकडची एक बाई बसली आहे, तिचीही सून आत आहे. ती माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "काय झालं अक्का? पोरगी झाली म्हणून रडता का?"

मी म्हणलं, "न्हाई. आमच्या बाई वारल्या."

"आई गं! कवा?"

मी म्हणलं, "आत्ताच."